जोह्यात कोणी आणला

विषाणू आला कुठून, हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की एव्हाना गळ्यात उत्तराची पाटी अडकवून फिरायला हवं होतं. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करते. दोन हजार वीसच्या आधी हे सांगितलं की लोक 'अरे वा' म्हणून शेजारच्या माणसाकडे वळायचे. त्यानंतर मात्र लग्नाच्या पंगतीत, बँकेत, दाताच्या डॉक्टरपुढे तोंड उघडं टाकून बसलेली असतानासुद्धा मला हाच प्रश्न. वटवाघळातून आला, बाजारातून आला, की कुणी मुद्दाम सोडला? माझे वडील मोरोपंत, म्हणजे आमचे अप्पा, पेणच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळं त्यांना वेदवाक्य. रोज सकाळी एखादा निरोप मला पाठवून खाली लिहायचे, 'यात तथ्य किती?' मी लिहायचे, 'शून्य.' दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

खरं म्हणजे पक्कं उत्तर आमच्याकडेही नाही. बहुधा प्राण्यातून, एवढं म्हणता येतं. त्यापुढे कुणी छातीठोकपणे बोलायला लागला की मी सरळ उठून जाते. माणसांना दोषी हवा असतो, कारण नको असतं, हे मी या काळात शिकले, आणि त्याचा मला संताप येतो.

पण जोह्याच्या जगनदादांनी तो प्रश्न विचारला तेव्हा मला उठून जाता आलं नाही. साऱ्या जगाला विषाणू चीनमधून कसा आला ते हवं होतं. जगनदादांना तो जोह्यात कुणी आणला, एवढंच हवं होतं.

जोहे म्हणजे पेणजवळचं गणपतीच्या मूर्तींचं गाव. घरटी कारखाना, कारखान्याबाहेर भातशेती, आणि बाराही महिने अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या मूर्ती. आमच्या घरचा गणपती माझ्या आजोबांपासून जगनदादांच्या घरूनच येतो. श्रावण लागायच्या आत आपला पाट त्यांच्याकडे नेऊन द्यायचा, त्याच पाटावर ते शाडूची मूर्ती करतात, असा रिवाज. बाकी गिऱ्हाइकांना प्लास्टरची चालते. आमच्या अप्पांना शाडूच लागते, आणि डोळे जगनदादांच्याच हातचे लागतात. डोळ्यांच्या आखणीत जगनदादांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. मुंबईचे व्यापारी नुसत्या आखणीसाठी त्यांना गाडी पाठवायचे.

दोन हजार बावीसच्या आषाढात मी आणि अप्पा पाट घेऊन गेलो. आधीच्या वर्षी गेलो नव्हतो, कारण त्या घरात मृत्यू झाला होता. जगनदादांची सून पूजा दुसऱ्या लाटेत गेली. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. कारखान्यात मूर्तींना सोवळ्याचा पिवळा रंग तीच द्यायची, आणि मला पाहिलं की हसून म्हणायची, "ताई, मला तुमच्या मशीनमध्ये एकदा बघू द्या ना गो." मी 'ये की' म्हणायचे. ते राहूनच गेलं.

जगनदादांच्या पत्नी सगुणावहिनींनी पाट घेतला, हळदकुंकू लावून आत नेला. जगनदादा खुर्ची ओढून अप्पांसमोर बसले. साठी उलटलेला सडपातळ माणूस, केसांत पांढरी भुकटी, ती वयाची की प्लास्टरची कळू नये. त्यांनी आडपडदा न ठेवता विषय काढला.

"ताई, गुरुजी बोलले, तुमी आपल्या तालुक्यातले नमुने तपासले. कुठला रोग कुठनं आला ते समजतं."

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा छताकडे पाहायला लागले. मुलीचं कौतुक सांगताना त्यांच्या जिभेला हाड नसतं.

खोटं नव्हतं ते. दुसऱ्या लाटेत पेण आणि रोहा तालुक्यांतले बरेच नमुने आमच्याकडे आले होते, आणि त्यांच्यावर मी एक लहानसा अभ्यास केला होता. जगनदादांना मी समजावून सांगितलं, "विषाणू म्हणजे एक मजकूर असतो. तो स्वतःच्या नकला काढत सुटतो आणि नकलेत मधूनमधून चूक होते. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. तुमच्या साच्याला टवका गेला की त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीला ती खूण येते ना, तसं. खुणा जुळल्या की साचा एक."

"मंग आमच्या घरातले साचे जुळतात का बगा," ते लगेच म्हणाले. "आमा चौघांचे नमुने घेतले होते. माजा, हिचा, हरेशचा नि... पूजाचा."

हरेश त्यांचा एकुलता एक मुलगा. रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. त्या वर्षी मार्चअखेर कंपनीने कामगारांना तिथेच राहायला लावलं होतं, म्हणून तो रोह्यातच खोली घेऊन होता. एके दिवशी अचानक मोटरसायकल घेऊन घरी आला, आणि दोन-तीन दिवसांत पूजाला धाप लागली. मग दवाखाना, ऑक्सिजन, अलिबाग, आणि संपलं. जोह्याने हिशेब लावायला वेळ घेतला नाही. धाटावच्या कंपनीत माणसं पटापट आजारी पडत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पूजाचं माहेर जिते गावचं. तिच्या तेराव्याच्या वेळी तिचा भाऊ निलेश अंगणात उभा राहून सगळ्यांदेखत हरेशला म्हणाला, "कंपनीतनं पगार आनायचा सोडून मरन आनलंस तिला." हरेशने मान वर केली नाही. त्याच आठवड्यात तो रोह्याला गेला तो परत घरी आलाच नाही. बापाचा फोनही घेत नव्हता.

"नाक्यावर त्याचं नाव निघतं तवा माजी मान खाली जाते," जगनदादा म्हणाले. "पन माजं मन सांगतं, तो नसंल. तुमच्या मशीननं सांगितलं की तो नवता, तर मी तो कागद घेऊन जित्याला जाईन. निलेशच्या दारात उभा राहीन. पोराला हाताला धरून घरी आनीन."

आतून सगुणावहिनींचा आवाज आला, "कुनी आनला त्याचं आता काय लोनचं घालायचंय? पोरगा आना माजा, बास."

"तू गप गो. च्या ठेव."

मी सवयीने विचारलं, दिवसभर हेच विचारत असते म्हणून. "हरेश यायच्या आधी घरात कुणाला काही होत होतं? ताप, खोकला?"

"कायच नाय. मला जरासा खोकला होता, पन तो पीओपीचा. तो काय, सगल्या कारखान्याला व्हता. सीझनला कोन खोकत नाय जोह्यात? घासकाम लागलं की भुकटी छातीत बसते. गूळ खायचा नि कामाला लागायचं."

त्या 'जरासा खोकला'पाशी मी अडकले.

कारण माझ्या अभ्यासात विषाणूची दोन कुळं निघाली होती. रोह्याच्या कंपन्यांतल्या नमुन्यांचं एक, आणि हमरापूर-जोह्याकडच्या गणपतींच्या कारखान्यांतल्या नमुन्यांचं दुसरं. दोन्हींच्या खुणा साफ वेगळ्या. कारखान्यांतलं कुळ आधीपासून तिथे फिरत होतं आणि आमच्या नकाशावर कोडंच होतं, की इतकी माणसं आजारी असताना कुणी वेळेवर तपासायला आलं कसं नाही. त्याचं उत्तर आत्ता माझ्यासमोर खुर्चीत बसून मला गूळ सांगत होतं. नवा रोग जोह्यात आला तेव्हा तो जुन्या खोकल्याचा सदरा घालून आला, आणि आपलाच माणूस समजून सगळ्यांनी त्याला आत घेतलं.

पूजाच्या नमुन्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात. गाव, वय, एवढंच. नाव लावून शोधायचं तर त्या माणसाची संमती लागते आणि माणूस गेला असेल तर जवळच्या नातेवाइकाची. नियम आहे. पण त्या दिवशी मी त्या नियमाच्या मागे लपले, हेही तितकंच खरं.

"हरेशची संमती लागेल," मी म्हटलं. "नवरा म्हणून. आणि जगनदादा, उत्तर आपल्याला हवं तसंच येईल असं नसतं."

ते हसले. "वाइटात वाईट काय येनार? हरेशनंच आनला असं. ते तर लोक बोलतातच की."

त्याहून वाईट काही असू शकतं, हे त्यांच्या मनाच्या आसपासही नव्हतं. मी पटकन उठले. अप्पा वाटभर म्हणत राहिले की बिचाऱ्याचं काम करून दे, आणि मी त्यांच्यावर उगाच खेकसले.

हरेश बापाचा फोन घेत नसला तरी माझा त्याने घेतला. त्या रविवारी मी पेणहून मेमू गाडीने रोह्याला गेले. तो स्टेशनवर आला होता. लग्नात पाहिलेला गुबगुबीत मुलगा आता ओळखू येत नव्हता. गाल बसलेले, कानापाशी केस पिकलेले. वय अवघं बत्तिसाच्या आसपास असेल. त्याच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेला कंपनीचा गणवेश. त्याने चहा केला, मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसला.

मी सगळं सांगितलं. बाबांना काय हवंय, त्यासाठी काय करावं लागेल, त्याने नुसतं हो म्हटलं तरी पुरे. आणि सांगितलं की यातून तो निर्दोष ठरण्याची शक्यता बरीच आहे.

"नको," तो म्हणाला.

"अरे, पण..."

"नको, ताई. तपासू नका."

"का? लोक तुला एवढं बोलतात. तुझ्या नावावरचं तरी निघून जाईल."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला म्हायती हाय."

"काय माहितीय?" मी विचारलं.

"मी घरी यायच्या आदल्या दिवशी पूजाचा फोन आला होता. हसत होती. बोलली, सुका जवळा भाजला तर सासूबाईंनी खोकून घर डोक्यावर घेतलं, नि मला वासच नाय आला. माझं नाकच बसलंय बोलली. ताई, आमच्या कंपनीच्या गेटवर रोज तेच विचारायचे, वास येतो का, चव लागते का. माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी बोललो, बाबांना फोन दे. बाबा बोलले, थिनरचं काम चाललंय, नाक बसनारच. आमची तर जन्माची बसलेली हाईत. नि बोलताना खोकत होते. मला वाक्य पुरं ऐकू येईना एवढे खोकत होते. मी दुसऱ्या दिवशी गाडी काढली ती तिला दवाखान्यात न्यायला. लोकांनी काय पाहिलं? हरेश रोह्यातनं आला नि बायको पडली."

"म्हणजे तू यायच्या आधीच..."

"घरात होता. बाबांच्या खोकल्यात होता. मला तर घरी आल्यावर झाला."

बाहेर कुणीतरी रिक्षा चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होऊन निघून गेली.

"मग निलेश बोलला तेव्हा तू गप्प का राहिलास?"

"बोलून काय करू? बाबा शेजारीच उभे होते. पूजा त्यांची लाडकी, ताई. तिला आखणी शिकवत होते. आजवर कुनाला शिकवली नाय, मला पन नाय, तिला शिकवत होते. त्यांना कळलं की आपल्या छातीतनं तिच्या छातीत गेला, तर ते ब्रश धरतील का परत? जगतील तरी का? मला बोलतात ते बोलू दे. मी कंपनीत काम करतो, मी सोसतो."

"मग घरी का जात नाहीस? तुझी आई वाट बघत्येय."

आता त्याने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाजात राग होता. इतका वेळ आत दाबून ठेवलेला, धडधडीत राग.

"कारन मला राग येतो बाबांचा. एक दिवस गूळ सोडून दवाखान्यात गेले असते तर. एक दिवस माझं ऐकलं असतं तर. त्यांची काय चूक नाय, मला समजतं. सगळं गाव तसंच करतं. पन ते समोर बसले नि भांडण झालं, की माझ्या तोंडून निघून जाईल. एकदा निघालं की परत घेता येत नाय. म्हणून जात नाय, ताई. लाज वाटते म्हणून नाय. तोंडाची भीती वाटते."

मला रडू आवरेना. प्रयोगशाळेत मी हजारो नमुने पाहिले, त्या प्रत्येकामागे माणूस आहे हे पाठ असल्यासारखं भाषणांत म्हणाले. पण त्या खोलीत खाटेच्या कडेवर बसलेल्या माणसाचं मी काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. निघताना त्याने मला शपथ घातली. बाबांना सांगायचं नाही. मी हो म्हटलं.

पूजाचा नमुना मी शोधला नाही. अजूनही नाही. तो आमच्या फ्रीझरमध्ये इतर शेकडो कुप्यांत कुठेतरी आहे.

दुसऱ्या दिवशी जोह्याला गेले. जगनदादा एका उंच मूर्तीपुढे स्टुलावर बसून आखणी करत होते. मला बघून ब्रश धुतला, हात पुसले. सगुणावहिनीही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय बोलला?"

"नको म्हणाला. तपासू नका म्हणाला."

आणखी एक शब्दही मी जोडला नाही. मला वाटलं होतं ते चिडतील, मला भरीला घालतील. पण त्यांनी धुतलेला ब्रश पुन्हा पुसायला घेतला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि काय होतंय ते माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

"असं व्हय," ते म्हणाले. "म्हंजे त्याला ठाव हाय. त्यानंच आनला."

मी तोंड उघडलं. शपथ आठवली. मिटलं.

"नसता आनला तर नको कशाला बोलला असता? खरा मानूस परीक्षेला भितो काय?" त्यांचा आवाज फुटला. "मी इतके दिवस लोकांशी भांडत व्हतो, ताई. माजा पोरगा असा नाय, असा नाय."

त्या क्षणी मला माझ्या विद्येची चीड आली, नियमांची आली, हरेशची आली, आणि सगळ्यात जास्त माझ्या गप्प बसण्याची आली. एका वाक्यात सगळं फिरवता आलं असतं. पण ते वाक्य म्हणजे या म्हाताऱ्याच्या गळ्याला दोर लावणं होतं. पोराने स्वतःचं नाव देऊन बापाला वाचवलं होतं, आणि ते मोडायचा मला हक्क नव्हता.

सगुणावहिनी पुढे आल्या. "आनला तर आनला. जानूनबुजून आनला काय त्यानं? तोबी रडलाच ना तिच्यासाटी?"

जगनदादांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला एक निरोप द्या माजा. बोला, बापानं माफ केलं. झालं ते झालं. गनपतीला घरी ये."

मी तो निरोप दिला. फोनवर. जसाच्या तसा, 'माफ केलं' या शब्दासकट.  मग हरेश म्हणाला, "असं बोलले?" मी म्हटलं, हो. "बरं," तो म्हणाला.

हरतालिकेच्या दिवशी आम्ही मूर्ती आणायला गेलो. कारखान्यात ही गर्दी. टेम्पो लागलेले, लोक आपापला गणपती ओळखून त्याच्या तोंडावर रुमाल टाकत होते, अप्पा आमच्या मूर्तीचे डोळे निरखत 'वा, वा' करत होते. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि हरेश आत आला.

बोलणं थांबलं. सगळे बघत राहिले. तो सरळ चालत बापापाशी गेला आणि खाली वाकला. जगनदादांनी त्याला उठवलं नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐका सगले. हा माजा पोरगा हाय. त्याच्याकडनं चूक झाली, पन मी त्याला माफ केलाय. आजपासनं कुनी त्याला बोलायचं नाय. जित्याच्यांनाबी सांगा."

मला वाटलं, आता. आता याच्या तोंडून निघणार. त्याच्या मुठी वळल्या होत्या. सगुणावहिनी हातातलं ताट घेऊन तशाच उभ्या.

"चुकलं माझं, बाबा," हरेश म्हणाला.

जगनदादांनी त्याला उठवून छातीशी घेतलं. म्हातारा हमसून रडला. कुणीतरी 'मोरया' म्हटलं आणि कारखाना पुन्हा बोलायला लागला. सगुणावहिनी लेकाचा हात धरून त्याला जेवायला आत घेऊन गेल्या. तो माझ्या बाजूने गेला, पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

जगनदादा डोळे पुसत आमच्याकडे आले. गेल्या सव्वा वर्षात त्यांचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

"बगा ताई," ते म्हणाले, "मशीन नाय लागली ना शेवटी? बापानं मन मोठं करायला लागतं."

पुराव्याशिवाय आयुष्यात कशालाही हो न म्हटलेली मी त्यांना हो म्हणाले आणि आमची मूर्ती उचलली.